तीन भिंगे आणि एक सुपारी

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८१४

तीर्थस्वरूप स्वारीच्या चरणी गोदूचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. येथे अण्णा, रंगूवहिनी आणि मुले सुखरूप आहेत. तिकडे आपण व सासूबाई खुशाल असाल अशी आशा करते. थंडी पडू लागली आहे. आपली लोकरीची गळपट्टी माझ्या पेटीत नाही, माळ्यावरच्या पिवळ्या गाठोड्यात आहे. आपण विचारलेले नाही, पण शोधत असणार हे ठाऊक आहे, म्हणून लिहिले.

पत्र पावले. गौरी-गणपतीला मी माहेरी आले, त्यानंतरचे हे आपले पहिलेच पत्र. निघताना सासूबाईंनी बजावले होते की, आमचे मूळ, न्यायला माणूस, आल्याशिवाय परत यायचे नाही. तेव्हा वाटले, मूळ पाठवतो आहे, अमुक दिवशी तयार राहा, असे काही असेल. दोनदा वाचले. मूळ आले आहे खरे, पण ते माझ्या भिंगाला आले आहे. मला कोणी बोलावलेले दिसत नाही.

असो. जे विचारले त्याचे उत्तर देते.

आपण लिहिता की, टिटवाळ्याच्या एका घरून कुटुंबाची तसबीर घेण्यासाठी बोलावणे आहे, येत्या वद्यातल्या रविवारी कचेरी बंद असताना जायचे आहे, आणि सोबत भिंगे किती न्यावीत हे काही केल्या ठरत नाही. मधले, धाकटे आणि दूरच्या देखाव्याचे अशी तीन तिकडे आहेत. चौथे थोरले माझ्याकडे. थोरले मी पाठवले तर चारही न्यावीत असा विचार आहे. नाही पाठवले तर तीन होतात, आणि तीन तिघाडा काम बिघाडा म्हणून सासूबाईंनी पेटीच्या चौथ्या खणात सुपारी ठेवायला सांगितले आहे, तशी आपण ठेवलीही आहे. वाचून वहिनीला सांगितले तर ती पदराआड हसत सुटली. पूजेला बायको जवळ नसली की पुरुष कमरेला सुपारी लावून बसतो, ते मी पाहिले आहे. भिंगाच्या जागी सुपारी बसलेली प्रथमच ऐकली.

आता भिंगांचे. ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी, पुढची गाडी सोयीची नाही म्हणून बैलगाडी, मग नदीला नाव आणि पलीकडे पुन्हा बैलगाडी. बरोबर कॅमेरा, त्याची तिपाई, तसबिरीच्या काचांची पेटी, काळे कापड. इतके सामान असताना पितळेची तीन-चार ओझी आणखी कशाला? दूरचे भिंग तर बाहेरच काढू नये. खाडीच्या अलीकडून पारसिकचा डोंगर घ्यायला ते ठीक. टिटवाळ्याच्या ओटीवर डोंगर नाही.

धाकट्यात सबंध घर मावते हे खरे, पण कडेची माणसे फुगतात. भिवंडीच्या मुंजीत मुलाचे मामा अगदी टोकाला उभे होते. तसबिरीत ते भोपळ्यासारखे आले, आणि आजतागायत त्यांना वाटते की आपण मुद्दाम केले. शिवाय धाकट्याला उजेड फार लागतो. टोपण काढून इतका वेळ थांबावे लागते की लहान मुले हललीच समजा. तेव्हा तेही नको.

कुटुंबाची तसबीर म्हणता, तर मधले एक पुरे आहे. त्यात कोणी फुगत नाही, कोणी पुसट होत नाही. एकच नेले की तेथे गेल्यावर बदलाबदली नाही. शेणाळ्याच्या तळ्यावरची गोष्ट आपल्याला आठवत असेलच. हे लावू की ते लावू करता करता देवळात दिवे लागले आणि आपण कोऱ्या काचा घेऊन घरी आलो. एक ना धड भाराभर चिंध्या, असे तेव्हा मी म्हणाले होते आणि आपण दोन दिवस बोलला नव्हता. तरी पुन्हा तेच म्हणते.

थोरले कशासाठी हवे ते मात्र समजले नाही. ते एका चेहऱ्याचे भिंग. डोळे अगदी पापणीच्या केसासकट येतात आणि कानामागचे सगळे विरून जाते. कुटुंबाच्या तसबिरीत त्याला काम नाही. कोणाचा एकट्याचा चेहरा घ्यायचा असेल तर निराळे. कोणाचा, हे आपण लिहिलेले नाही, म्हणून मीही विचारत नाही.

आणखी एक. शेवटच्या ओळीत आपण सहज लिहिले आहे की, आईने बाळंतिणीच्या खोलीला चुना मारून घेतला व काचा धुण्याच्या औषधांच्या बाटल्या माळ्यावर चढवल्या. मग काचा कुठे धुणार? आठ वर्षांत त्या खोलीत बाळंतीण आली नाही. खिडकी नाही, झरोका नाही, म्हणून आपण ती कामाला घेतली. भिंतींना काजळी मी स्वतः फासली होती. चार दिवस माझी नखे काळी होती. पांढऱ्या भिंतीवर दाराच्या फटीतला उजेडसुद्धा नाचतो आणि काचा धुरकट होतात. चुना का मारला, हे आपण आईंना विचारले का? विचारले नसणारच.

थोरले भिंग पाठवत नाही. मऊ फडक्यात गुंडाळून माझ्या लुगड्यांत ठेवले आहे. त्याला दमट हवा लागू देत नाही, काळजी नसावी. सासूबाईंना नमस्कार सांगावा. कळावे.

गोदू


कल्याण, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप स्वारीस गोदूचा नमस्कार.

काल धोंडीबा येऊन गेला. आपण त्याला पत्र देऊन थेट भिंगच आणायला पाठवले. बिचारा उन्हातून आला, ओसरीवर बसून ताक प्यायला, आणि म्हणाला, "वहिनीसाहेब, मालक म्हणले, पितळेचं काय ते द्या, आन् जपून आणा." त्याला लाडू दिले आणि रिकाम्या हाताने परत पाठवले. तो काहीच समजला नाही. त्याच्यावर रागावू नये.

पहिल्या पत्रात मी जे लिहिले ते सगळे खरे होते, पण सगळे लिहिले नव्हते, आणि काही नंतर कळले. आता लिहिते.

रंगूवहिनीची मावशी टिटवाळ्यास राहते. ती गेल्या आठवड्यात येथे आली होती. माझ्याकडे बघेना. मग वहिनीला मागच्या दारी नेऊन म्हणाली, "अगं, आमच्या शेजारी ओटी सारवून घेतलीये, पाटाभोवती घालायच्या रांगोळ्या ठरतायत. ठाण्याचे फोटोवाले जावई यायचेत ना! आणि ते तर तुझ्या नणंदेचे..." पुढचे ती बोललीच नाही. मी तुळशीजवळ उभी होते, सगळे ऐकू आले.

तेव्हा ही कुटुंबाची तसबीर नाही. मुलगी दाखवायची आहे. तिचे नाव मालन. पहिली बायको असलेला माणूस मुलगी पाहायला गेला तर चार लोक बोलतात. तोच कॅमेरा घेऊन गेला तर कोण बोलणार? काळ्या कापडाखालून हवी तितकी पाहावी. कल्पना चांगली आहे. माघातला मुहूर्तही कोणी पाहून ठेवला आहे म्हणतात. आणि खोलीला चुना कशासाठी, हे मला त्या दिवशी कळले.

अण्णा फार चिडले. लगेच पगडी घालून निघाले होते. "विश्रामरावांना उभ्या उभ्या जाब विचारतो. बहीण दिली ती काय अडगळीत टाकायला?" मी त्यांचा हात धरून बसवले. मी म्हटले, अण्णा, त्यांना हे ठाऊक आहे की नाही, एवढे आधी कळू दे.

तेच मला कळत नाही. एक मन म्हणते, आईने सांगितले, तसबीर घ्यायला जा, आणि आपण निघाला. आपल्याला दिसते ते भिंगातून, समोरचे दिसत नाही. दुसरे मन म्हणते, कुटुंबाची तसबीर असती तर थोरल्या भिंगासाठी धोंडीबा धावत आला नसता. कोणीतरी आपल्याला सांगितले आहे की मुलीचा चेहरा निराळा घ्यावा. ते कोणी सांगितले आणि आपण हो का म्हणाला? रोज रात्री हा विचार येतो आणि रोज निराळे उत्तर सापडते.

सासूबाईंवर राग नाही असे मी लिहिणार नाही. आहे. पण त्यांचे दुःखही मी पाहिले आहे. दर वर्षी त्या पाळण्याच्या दोऱ्या उन्हात टाकतात, झाडून पुन्हा गुंडाळून ठेवतात, आणि त्या दिवशी कोणाशी बोलत नाहीत. त्यांना खरेच वाटते की औषधांच्या वासाने माझी कूस उजवली नाही, ती खोली मीच बाटवली. शेजारणींनाही त्या तसेच सांगतात. आता वास गेला, खोली पांढरी झाली, पण त्यात मी नको, दुसरी कोणी हवी, इथे माझे डोके फिरते. वासामुळे होत नव्हते तर वास गेल्यावर मला एकदा तरी परत बोलवायला हवे होते.

मला मूल हवे आहे. आपल्याला कधी बोलून दाखवले नाही, आज लिहिते. काळ्या कापडाखाली डोके घातले की सगळे विसरते असे आपल्याला वाटत असेल, तर तसे नाही. ते काम मला आवडते, हे निराळे. काचेवर माणूस हळूहळू उमटताना पाहणे मला फार आवडते. आणि आपण मला हवे आहात. बायकांनी असे लिहू नये म्हणतात, पण मी लिहिले, आता खोडणार नाही.

थोरले भिंग मी का आणले तेही सांगते. ते अण्णांनी मला दिलेले, म्हणून आणले असे मी सासूबाईंना सांगितले होते. ते निमित्त. चेहऱ्याचे काम आले की त्याच्यासाठी तरी आपल्याला येथे यावे लागेल, असा माझा हिशोब होता. आपण धोंडीबाला पाठवाल हे माझ्या ध्यानात आले नाही.

आता स्पष्ट. सवतीवर मी नांदणार नाही. रडणार नाही, विहीर जवळ करणार नाही, अण्णांकडे राहीन. मुलींना शिकवीन, लोणची घालीन, काहीही करीन. पण थोरली, धाकटी असे करून एका घरात राहणे माझ्याच्याने होणार नाही. आपली सवय मला ठाऊक आहे. बाजारात वांगी घ्यायला गेलात तर दोन्ही टोपल्यांतली आणता, कारण एकीला नाही म्हणवत नाही. भिंगांचेही तसेच. सगळी नेली की निवडावे लागत नाही. आईला नाही म्हणायचे नाही, मलाही जा म्हणायचे नाही, आणि मग आपोआप काय होईल ते होऊ द्यायचे. या वेळी ते चालणार नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने आपण कल्याणास उतराल. टिटवाळेकरांची बैलगाडी स्टेशनाबाहेर उभी असेल. अण्णांचे घर त्या वाटेवर नाही, उलट अंगाला पारनाक्याकडे आहे. यायचे तर मुद्दाम वाट वाकडी करून यावे लागेल. आलात तर मी भिंग घेऊन तयार असेन आणि आपल्याबरोबर टिटवाळ्यास येईन. न आलात तर तिन्ही भिंगे सुखाने न्यावीत आणि चौथ्या खणात सुपारी राहू द्यावी. मग मी पुन्हा लिहिणार नाही.

काय निवडायचे ते आता आपण पाहावे.

गोदू


कल्याण, पौष शुद्ध तृतीया

तीर्थस्वरूप स्वारीच्या चरणी गोदूचा साष्टांग नमस्कार. येथील सर्व क्षेम. वहिनीच्या धाकट्याला पडसे झाले होते, आता उतार आहे. पत्र पावले. हे माझे पत्र सासूबाईंना वाचून दाखवावे. काही गाळू नये. गाळले तर मला कळेल.

आधी त्या रविवारचे. आपण तेथेच होता, पण जे आपल्याला दिसले नाही तेवढे सांगते.

पहाटेपासून मी नेसून बसले होते. आगगाडीची शिट्टी ऐकू आली. मग बराच वेळ कोणी आले नाही. अण्णा म्हणाले, "गोदू, ऊठ आता, दोन घास खा." तेवढ्यात आपण दारात. अण्णांनी या म्हटले नाही, बसा म्हटले नाही. आपण भिंगांची पेटी माझ्या हातात दिली. हातात घेताच मला कळले की ती हलकी आहे. आठ वर्षे ती पेटी मी उचलते, तिचे वजन मला ठाऊक आहे. उघडली तर मधल्याचा खण रिकामा, धाकट्याचा रिकामा, दूरच्याचाही रिकामा. चौथ्यात तेवढी सुपारी.

आपण म्हणाला, "भिंगे घरी विसरलो."

भिंगे विसरणारा माणूस सुपारी आठवणीने ठेवतो होय? इतके वाईट खोटे मी आजवर ऐकले नाही. तिपाई आणली, काचा आणल्या, काळे कापड नीट घडी करून आणले, आणि एकही भिंग नाही! भिंगाशिवाय कॅमेरा म्हणजे नुसते भोक पाडलेले खोके. माझे लावले नाही तर टिटवाळ्याला जाऊन काही करताच येऊ नये, अशी आपण व्यवस्था केली होती. मी एक न्या म्हणाले होते, आपण एकही आणले नाही. मला तेव्हा हसू आले आणि रडूही आले, आणि वहिनी उगाच आत निघून गेली. अण्णा पहिल्यांदा बोलले, "चहा घेणार का, विश्रामराव?" तेव्हा मी सुपारी काढून कनवटीला लावली आणि थोरले भिंग त्याच्या खणात ठेवले.

टिटवाळ्यास आपण ओटीवर पुरुषांत बसला. मी माजघरात गेले. मुलीची आई, आवडाबाई, चांगली बाई आहे. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कोण म्हणायच्या?"

"फोटोवाल्यांची बायको."

"पहिल्या?"

"पहिली आणि एकच. दुसरी अजून व्हायची आहे."

तिने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "आम्हांला मध्यस्थांनी सांगितलं होतं, त्या माहेरीच असतात, डोक्यावर परिणाम झालाय."

मी म्हटले, "डोक्यावर काळं कापड घेते अधूनमधून, तेवढाच परिणाम आहे."

ती हसली नाही. खाली मान घालून म्हणाली, "आम्हांला खरं ठाऊक असतं तर आम्ही हे आरंभलंच नसतं हो. चार मुली आहेत आम्हांला." मग उठली. जेवणाच्या जागी एकच पाट मांडला होता, भोवती केवढी थोरली रांगोळी. तिने दुसरा पाट आणून शेजारी मांडला आणि त्याच्याभोवतीही रांगोळीची रेघ ओढली. आपण जेवायला आला तेव्हा दोन पाट कसे, असे आपल्याला वाटले असेल. ते असे झाले.

कुटुंबाची तसबीर घेताना थोरल्या भिंगात सगळे मावेनात, म्हणून आपण गोठ्याच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे गेलात आणि म्हैस आपल्या बाराबंदीचा बंद चघळत होती. आपले लक्ष नव्हते. काच आता धुवून झाली असेल. कडेचे काका पुसट आले असतील, पण त्यांची तक्रार येणार नाही. मधोमध मायलेकी बसल्या आहेत, त्या चांगल्या याव्यात.

मालनची एकटीची तसबीर मात्र मीच घेतली, मागच्या पडवीत, आपल्याला न बोलावता. आधी मी तिला काळ्या कापडाखाली घेतले. काचेवर आई उलटी दिसली तशी खुदकन हसली. "आई, तू छपराला पाय लावून उभी आहेस!" मग कापडाखालीच हळूच मला म्हणाली, "तुमच्या घरी आले असते तर मला हे करायला मिळालं असतं?"

मी म्हटले, "मिळालं असतं. पण मग मी कुठे गेले असते?"

तिने विचार केला. खरोखर केला, मला अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "मग नको."

एवढी लहान मुलगी एवढे समजते. तिला चांगले स्थळ मिळावे म्हणून मी गणपतीला नवस बोलून आले. तिच्या चेहऱ्याचा कागद आपण छापाल तेव्हा एक प्रत आवडाबाईंना पाठवावी. दुसऱ्या कोणा स्थळाला दाखवायला त्यांना उपयोगी पडेल. एक प्रत सासूबाईंना दाखवावी. मुलगी खरोखर गोड आहे, त्यांची निवड वाईट नव्हती. पण आपल्या घरात ती या कागदापुरतीच येईल.

परतताना नावेत आपण म्हणाला, "चल आता घरी." मी नाही म्हटले, आणि आपल्याला वाईट वाटले, ते दिसले मला. पण भिंगे विसरलो म्हणून सवत टळली, असे मला नको होते. आईंना वाटले असते, पोरगा विसराळू, पुढच्या रविवारी पुन्हा पाठवू. जे मला रिकाम्या पेटीने सांगितले तेच त्यांच्यासमोर तोंडाने सांगायला हवे होते. म्हणून पारनाक्याला उतरले.

आता आपले पत्र. आईंना स्पष्ट सांगितले, दुसरे लग्न करणार नाही, हे वाचले आणि पत्र तसेच कपाळाला लावले. त्या रागावल्या, जेवल्या नाहीत, देवासमोर जाऊन बसल्या. मग तिसऱ्या दिवशी सुके सोडे घालून खिचडी कर म्हणाल्या, म्हणजे निवळल्या. आपण केलेली खिचडी त्यांनी खाल्ली, यावरून त्यांचे आपल्यावर किती प्रेम आहे हे कळते. नंतर त्यांनी निरोप सांगितला, "तिला लिही, खोलीला पुन्हा काजळी फासायची तर फास. मी काही बोलणार नाही." हे त्यांनी कोणत्या आवाजात म्हटले असेल ते मला येथे बसून ऐकू येते. त्यांना हे बोलणे सोपे गेले नसेल.

सासूबाई, हे आपल्यासाठी. खोलीला काजळी फासायची नाही. ती पांढरीच राहू द्यावी. चुना मारला ते चांगले झाले. जिन्याखाली अडगळ आहे, ती काढून तेथे दोन काळे पडदे लावले की काचांचे काम होते. बाटल्याही तेथेच राहतील, घरात वास येणार नाही. पाळण्याच्या दोऱ्या यंदा मी उन्हात घालीन. मूल झाले तर त्या खोलीत होईल. न झाले तर खोली रिकामी राहील, आणि आपण दोघी मिळून ती दर वर्षी झाडू. पण ती खोली माझी आहे. दुसऱ्या कोणासाठी तिला चुना लागायचा नाही. हे मी उद्धटपणे लिहीत नाही. आपल्या पायांवर डोके ठेवून लिहिते.

मूळ म्हणून धोंडीबाला पाठवतो असे स्वारींनी लिहिले आहे. धोंडीबा नको. भिंगासाठी तो आला होता तेवढे पुरे. आपण स्वतः यावे. वहिनी म्हणते पौषात लेक सासरी धाडू नये. मी म्हटले, मी काही नवी नवरी नाही. येताना कॅमेरा आणू नये, पेटी आणू नये, काही आणू नये. भिंग माझ्याकडे आहे, ते मीच मांडीवर घेऊन येईन.

राहता राहिली सुपारी. आई विचारते आहे, ती परत आण, असे आपण लिहिले आहे. ती आता परत मिळायची नाही. काल जेवण झाल्यावर अडकित्त्याने कातरली आणि वहिनीने व मी विड्यात घालून खाल्ली. जुनी होती, बरीच कडक निघाली. चौथ्या खणात ठेवायला आता दुसरे काही नाही, तेव्हा मलाच यावे लागेल.

कळावे, आपली

गोदू